चालक्कुडीच्या काठी पाच दिवस: मामा, महाधनेश आणि न झालेलं धरण

आमचा मामा पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झाला त्याला बरीच वर्षं झाली, पण अजूनही संध्याकाळी वाशिष्ठीच्या पुलावर उभा राहून तो पाण्याकडे बघतो आणि सांगतो, "तिसरं मशीन घेतलं वाटतं." चिपळूणकरांना यात नवल नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून आमच्याकडे येतं, मुंबई-पुण्याचे दिवे लावतं आणि मग आमच्या नदीत पडतं. भर मे महिन्यात वाशिष्ठी वाहते ती त्याच्या जिवावर.

तर या मामाने गेल्या डिसेंबरात अचानक जाहीर केलं, की त्याला केरळातलं अतिरप्पिळ्ळी बघायचंय. धबधबा नव्हे. "ते चाळीस वर्षं अडून बसलेलं धरण कुठे बांधणार होते ती जागा." मामीने साफ नकार दिला. माझी शाळेची रजा शिल्लक होती. गेलो.

पहिला दिवस: त्रिशूर, चालक्कुडी आणि भिंतीवरची रेघ

कोकण रेल्वेने रात्रभर प्रवास करून दुपारी त्रिशूरला उतरलो आणि लोकल बसने तासाभरात चालक्कुडी. रेल्वेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मंगळूरच्या पुढे गाडीत पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी येतात, ती सोडू नका.

चालक्कुडी हे बाजारपेठेचं गाव. एकेकाळी इथून जंगलात ट्राम जायची हे सांगूनही खरं वाटत नाही. कोचीन संस्थानाने परंबिकुळमचं सागवान खाली आणायला जवळजवळ ऐंशी किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग टाकला होता. १९०७ ते १९६३ तो चालला. जंगलात शिरणारी पहिली वाट सागासाठी होती, धरणं नंतर आली.

आमचा मुक्काम गावाबाहेर, वेट्टिलप्पाऱ्याच्या बाजूला, नदीकाठच्या एका घरात. पुढे अंगण, मागे जायफळाची बाग, बागेच्या टोकाला दगडी पायऱ्या आणि खाली चालक्कुडी नदी. जायफळं आमच्याकडेही आहेत, पण इतकी दाट बाग मी पाहिली नव्हती. घरच्या चेचीने (इकडे ताईला चेची, दादाला चेट्टा) आल्या-आल्या जायफळाच्या टरफलाचं लोणचं पुढ्यात ठेवलं. आंबट, तिखट आणि मागून जिभेवर हलकी बधिरता. मामाने भाताशिवाय नुसतंच खाल्लं.

संध्याकाळी गप्पांमध्ये चेट्टाने भिंतीवरची एक रेघ दाखवली. माझ्या खांद्याच्या वर. २०१८ चा ऑगस्ट. वरच्या पेरिंगलकुत्तू धरणाच्या दारांत ओंडके अडकले आणि पाणी धरणाच्या डोक्यावरून वाहिलं. खाली चालक्कुडी शहर बुडालं. मी मोबाइल काढून आमच्या घराच्या भिंतीचा फोटो दाखवला. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराची रेघ. त्याला मराठी येत नाही, आम्हाला मल्याळम येत नाही, इंग्रजी दोन्हीकडे बेताचं. पण त्याने फोटो मोठा करून रेघेची उंची बघितली आणि स्वतःच्या भिंतीपाशी जाऊन हाताने माप दाखवलं. आमची वीतभर जास्त होती. त्याने मान हलवली आणि आत जाऊन आणखी चहा घेऊन आला.

*जाणाऱ्यांसाठी:* नावं वाचताना एक लक्षात ठेवा. इंग्रजी पाट्यांवर जिथे 'झेडएच' दिसतं तिथे 'झ' म्हणायचं नाही, 'ळ' च्या जवळचा उच्चार करायचा. वाळच्चाल, पुळा (म्हणजे नदी), आळप्पुळा. मी पहिल्या दिवशी कंडक्टरला 'वाझाचल' म्हटलं आणि सगळी बस हसली.

दुसरा दिवस: तुंबूरमुळी आणि धबधबा

सकाळी सहाला मामा पायऱ्यांवर बसलेला. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "हे बघ, पायरी ओली आहे." पाण्याच्या वर दोन पायऱ्या ओल्या होत्या, आणि रात्री पाऊस झाला नव्हता. "रात्री पाणी इथवर होतं. काल संध्याकाळी वर मशिनं चालली, ते पाणी रात्रीतून इथे पोचून गेलं. काल संध्याकाळचे दिवे इथून वाहून गेले गं."

चेट्टाला विचारलं. त्याच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. पाणी रोजच चढतं-उतरतं; कपडे धुवायला कधी जायचं हे बायकांना ठाऊक असतं.

मी इथे येताना डोक्यात एक चित्र घेऊन आले होते: एका बाजूला अस्पर्श नदी, दुसऱ्या बाजूला तिला बांधायला निघालेलं सरकार. ते चित्र त्या दोन ओल्या पायऱ्यांवरच निकालात निघालं. ही नदी अस्पर्श नाही. जेमतेम दीडशे किलोमीटरची, पण तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर आधीच सहा धरणं आहेत. वरच्या अंगाला तमिळनाडूची चार, परंबिकुळम-आळियार योजनेतली. खाली केरळची शोलयार आणि पेरिंगलकुत्तू. त्यांच्याही खाली तुंबूरमुळीचा बंधारा. अतिरप्पिळ्ळीचं धरण झालं असतं तर सातवं.

तुंबूरमुळी आमच्या वाटेवरच. फुलपाखरांची बाग, झुलता पूल, शाळेच्या सहली. लोक पुलावर फोटो काढतात, आणि बाजूने निघणाऱ्या दोन कालव्यांकडे कुणी बघत नाही. हे डावे-उजवे कालवे सुमारे चौदा हजार हेक्टरला पाणी देतात. चेचीची जायफळं त्यातच आली. जायफळाला पाय ओले लागतात, उन्हाळ्यात पंधरा दिवस पाणी चुकलं की फळ गळतं. मामा कालव्याच्या दाराशी अर्धा तास उभा. शेवटी मीच ओढून नेलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलमाडाची लागवड. मधूनच झाड उपटून पडलेलं. हत्तींचं काम. गाभा खायला येतात.

आणि मग अतिरप्पिळ्ळी. सिनेमातल्या गाण्यांमुळे तो सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे मी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. उंची म्हणाल तर ऐंशी फूट. आंबोलीत, ताम्हिणीत याच्या चौपट उंचीवरून पाणी पडतं. पण आपले धबधबे कड्यावरून पडतात, सप्टेंबरनंतर त्यांची दोरी होते आणि दिवाळीनंतर फक्त काळा डाग राहतो. इथे कडा नाही, आख्खी नदी पडते. रुंद, सपाट वाहत येते, दगडांत तीन-चार ठिकाणी फुटते आणि खाली जाते. डिसेंबरातही पायथ्याशी उभं राहून बोलता येत नव्हतं. तुषारांनी चष्मा भिजला, पुसला, पुन्हा भिजला. मामाने दहा मिनिटं काही न बोलता बघितलं, आणि त्याच्यासाठी हे फार झालं.

मग अर्थातच बोलला. "हे पाणी पेरिंगलकुत्तूच्या मशिनांतून आलेलं आहे. उन्हाळ्यात वर धरणं नसती तर इतकं नसतं." बाजूच्या पुण्याच्या जोडप्याने (हो, होतेच) आमच्याकडे रागाने बघितलं.

*जाणाऱ्यांसाठी:* वनखात्याचं एकच तिकीट अतिरप्पिळ्ळी आणि वाळच्चाल दोन्हीकडे चालतं, फेकू नका. पायथ्याची वाट दगडी पण उतरती आहे, गुडघेदुखीवाल्यांनी काठी घ्यावी. माकडं पिशवीची चेन उघडतात, बिस्किटं खिशातही ठेवू नका. शनिवार-रविवार टाळा. आणि पाण्यात उतरू नका. वरून पाणी कधी वाढेल याचा भोंगा धबधब्याला नसतो.

दुपारी रस्त्यावरच्या एका टपरीत कप्पा आणि मीनकरी. कप्पा म्हणजे उकडून ठेचलेला टॅपिओका. माशाच्या आमटीत कुडमपुळी. आपल्या आमसुलाचीच चुलत बहीण, पण धुरावर वाळवलेली; आमटीला चुलीचा वास येतो. मामाने दोनदा घेतली आणि रात्री जेवला नाही.

तिसरा दिवस: वाळच्चाल

हा दिवस ज्यासाठी आलो त्याचा. तारीख ११ डिसेंबर. दर वर्षी या दिवशी मामा कोयनानगरच्या आपल्या शाळूसोबत्याला फोन करतो. १९६७ च्या भूकंपाच्या पहाटे दोघं बारा वर्षांचे होते. वाळच्चालला पोचेपर्यंत रेंज जाणार म्हणून त्याने सकाळी सातलाच फोन केला. दोन मिनिटं बोलले, त्यातलं निम्मं हवापाण्याचं.

वाळच्चाल धबधब्याच्या वर पाच किलोमीटर. इथे नदी पडत नाही, खडकांवरून पळते. वनसंरक्षण समितीतर्फे एक वाटाड्या मिळाला, तिशीतला, कादर समाजाचा. काडु म्हणजे जंगल, त्यावरून कादर. पूर्वापार शेती न करणारी, मध, कंद, धूप गोळा करणारी ही माणसं संख्येने फार थोडी. सागाच्या ट्रामने त्यांना हलवलं, परंबिकुळमच्या धरणांनी हलवलं, शोलयारने, पेरिंगलकुत्तूने हलवलं. आता वाळच्चाल आणि पोकलप्पारा इथल्या वस्त्या सातव्या धरणाच्या वाटेत होत्या.

वाटाड्याचं इंग्रजी आमच्याहून चांगलं. तो धनेशांच्या घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गटात काम करतो. या पट्ट्यात दक्षिण भारतातले चारही धनेश आहेत. त्याचे आजोबा घरट्यातून पिल्लं काढायचे, खायला. हा त्याच झाडांची नोंद ठेवतो, महिन्याचे पैसे मिळतात. हे त्याने लाज किंवा अभिमान असं काही न दाखवता सांगितलं, जसं मामा सांगतो की त्याचे वडील धरणावर खडी फोडायचे आणि तो कंट्रोल रूममध्ये बसला.

आम्ही नदीकाठच्या जंगलात शिरलो. बूट-मोज्यांवर तंबाखूचं पाणी लावलं होतं, तरी मामाला दोन जळवा लागल्या. आत उजेड हिरवा, हवा ओल्या फडक्यासारखी. समुद्रसपाटीपासून ही जागा अडीचशे मीटरच्या आत-बाहेर. या उंचीवरचं सदाहरित जंगल सह्याद्रीत जवळपास सगळीकडे रबर, साग, चहा किंवा घरांखाली गेलंय. आपल्या कोकणात ते बघायचं तर देवराईत, आणि देवराई म्हणजे एक-दोन एकर. इथे ते नदीला धरून सलग जातं, म्हणून ककणेर (मलबारी कवड्या धनेश) इथे घरटी करतात. केरळात ते दुसरीकडे फारसे नाहीत. याच नदीच्या जंगलात १९८२ साली जे. विजया या तरुण संशोधिकेला एक छोटं भुईकासव पुन्हा सापडलं होतं, जे कित्येक दशकं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या वंशाला आता तिचंच नाव आहे. आणि नदीत माशांच्या शंभरावर जाती नोंदल्या गेल्यात.

साडेनऊच्या सुमारास डोक्यावरून आवाज आला. मला वाटलं, वाफेचं इंजिन. फस्, फस्, फस्. महाधनेश पंख मारत चालला होता, मागून दुसरा. मल्याळममध्ये याला 'मलमुळक्की' म्हणतात, डोंगर दणाणवणारा. हा केरळचा राज्यपक्षी. आपण चातकाला पावसाची वाट बघायला लावतो, इकडच्या लोककथेत ते काम धनेशाकडे आहे. वाटाड्या म्हणाला, काही दिवसांत मादी ढोलीत शिरेल, दार लिंपून घेईल आणि पिल्लं होईतो नर तिला फटीतून उंबरं भरवत राहील. नर मेला तर आतली सगळी उपाशी. मामा म्हणाला, "म्हणजे सप्लाय एकाच लाइनवर." मी दुर्लक्ष केलं.

मग ती जागा. पुलावरून वर बोट करून वाटाड्याने दाखवली. बघण्यासारखं काहीच नाही. नदी, खडक, दोन्ही काठांना झाडं. २३ मीटर उंच आणि ३११ मीटर लांब भिंत इथे उभी राहणार होती. पाणी पावणेपाच किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे कण्णंकुळीला जाणार, तिथे ८० मेगावॉटची दोन यंत्रं. धरणाच्या पायथ्याशी दीड-दीडची आणखी दोन. एकूण १६३. म्हणजे नदी धबधब्याला वळसा घालून जाणार. धबधब्यासाठी सेकंदाला ७.६५ घनमीटर पाणी सोडू, असं वीज मंडळाचं म्हणणं होतं.

कागदोपत्री या धरणाचा प्रवास एखाद्या जमिनीच्या दाव्यासारखा आहे. १९९८, २००५ आणि २००७ अशी तीनदा केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली. पहिल्या दोन हायकोर्टात अडकल्या, जनसुनावणी नीट झाली नाही म्हणून. २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस दिली. तिसरी मंजुरी २०१७ मध्ये मुदत संपून गेली. २०२० मध्ये राज्याने पुन्हा ना-हरकत दिली, पुन्हा गदारोळ. मधे २०११ चा माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाबद्दलचा अहवाल, 'इथे धरण नको' असं स्वच्छ सांगणारा. आमच्या रत्नागिरीकरांना हा अहवाल वेगळ्याच कारणासाठी आठवतो. या समितीकडे जे खास विषय सोपवले होते त्यात अतिरप्पिळ्ळी होतं, कर्नाटकातला गुंड्या प्रकल्प होता, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाणी नि वीजप्रकल्प होते. आमच्याकडे अहवाल न वाचता भांडणं झाली. इथे, वाटाड्या सांगतो, वस्तीत बसून वाचून दाखवला होता.

वाचून दाखवणाऱ्यांतलं एक नाव इथे अजून निघतं: डॉ. लता अनंता. त्या नदीवर काम करायच्या. किती पाणी केव्हा वाहतं याचे आकडे गोळा करून त्यांनी प्रकल्पाचं पाण्याचं गणितच तपासायला घेतलं. २०१७ मध्ये त्या गेल्या. नुसतं 'जंगल वाचवा' म्हणून हे धरण अडलं नसतं, असं मला तिथे उभं असताना वाटलं. २०१४ साली वाळच्चालच्या नऊ कादर वस्त्यांना सुमारे चारशे चौरस किलोमीटर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर ग्रामसभेला विचारल्याशिवाय इथलं दार उघडत नाही.

दुपारी तीनला आभाळ भरून आलं. डिसेंबरात. परतीचा पाऊस संपला म्हणून छत्र्या घरी ठेवल्या होत्या. तासभर असा कोसळला की तिकीटखिडकीच्या वळचणीला पंचवीस माणसं आणि एक कुत्रं उभं. त्या गर्दीत मामाने बसच्या तिकिटामागे हिशोब मांडला. १६३ मेगावॉट, वर्षाला अपेक्षित वीज २३३ दशलक्ष युनिट. भागाकार केला. "दिवसाला चार तास. तेही भरत नाहीत."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? पीक लोडसाठी असंच असतं. संध्याकाळी सगळे एकदम दिवे लावतात तेव्हा तेच चार तास लाखाचे. कोयना तरी कुठे दिवसभर पूर्ण चालते?"

"आणि उरलेले वीस तास खालच्या कालव्यात काय जाणार?"

त्याने तिकीट घडी करून खिशात ठेवलं. "ते आम्हाला कधी विचारत नसत," म्हणाला. पाऊस थांबेपर्यंत दुसरं काही बोलला नाही.

चौथा दिवस: वाळच्चाल ते वाल्पारै

ठरवलेली गाडी आलीच नाही. फोन बंद. (आगाऊ पैसे देऊ नका, हा धडा.) शेवटी चेट्टाने दुचाकीवरून रस्त्यापर्यंत सोडलं आणि मलक्कप्पाऱ्याची बस पकडली. झालं ते बरंच झालं. ड्रायव्हरमागची जागा मिळाली आणि पन्नासएक किलोमीटर जंगल काचेसमोर उलगडत गेलं.

वाळच्चालच्या चौकीवर गाड्यांमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतात. पुढे रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, खाली मधूनमधून नदी. कंडक्टरने कबालीची गोष्ट सांगितली, इकडे प्रत्येकजण सांगतो. कबाली हा टस्कर, म्हणजे सुळेवाला हत्ती. २०२२ च्या नोव्हेंबरात तो एका बसला आडवा आला आणि ड्रायव्हरने वळायला जागा नाही म्हणून बस आठ किलोमीटर उलटी चालवली. आमचा ड्रायव्हर हे ऐकून म्हणाला, "मी सहापर्यंत आलोय." रेकॉर्ड मोडायची त्याची इच्छा दिसत नव्हती. आम्हाला कबाली दिसला नाही, फक्त ताजं शेण, वाफा निघणारं.

पेरिंगलकुत्तू, १९५७ सालचं. मामा खिडकीतून अर्धा बाहेर. जुनं दगडी धरण बघून त्याचा चेहरा असा झाला की जणू शाळेतल्या मास्तरांचं घर दिसलं. आणखी वर अंबलप्पाऱ्यापाशी शोलयारचे पेनस्टॉक, डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ. ५४ मेगावॉट, १९६६. बस दोन मिनिटं थांबली, त्यात त्याने नळांचा व्यास, पाण्याचा हेड आणि केव्हाची वेल्डिंग हे सगळं अंदाजाने सांगितलं. मागच्या बाकावरच्या चहामळ्यातल्या बायका भाषा न कळता माना डोलवत होत्या.

एका वळणावर सिंहपुच्छ वानरांची टोळी, फणसावर. काळी, गंभीर, पांढऱ्या आयाळीची. बस पाहून त्यांनी काहीही केलं नाही. अतिरप्पिळ्ळीच्या माकडांपेक्षा संस्कारी.

मलक्कप्पाऱ्याला जंगल एकदम संपतं आणि चहाचे मळे सुरू होतात, जणू कुणी कात्रीने कापलंय. सीमा ओलांडून जीपने वाल्पारै. रात्री थंडी, आणि डोसा.

*जाणाऱ्यांसाठी:* जंगलातला रस्ता संध्याकाळी बंद होतो. चौकीच्या वेळा आणि दुचाकींवरचे निर्बंध बदलत राहतात, निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. पेट्रोल चालक्कुडीतच भरा. धरणांचे फोटो काढायला बंदी आहे. बस हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय, कारण ती उंच असते आणि तिचा ड्रायव्हर हत्तींना ओळखतो.

पाचवा दिवस: दोन दारांचं धरण आणि शहाळं

वाल्पारैजवळचं वरचं शोलयार, १०५ मीटर उंच. हे तमिळनाडूचं. मामाच्या दृष्टीने सगळ्या सहलीतलं हे खरं तीर्थक्षेत्र, कारण याला दोन दारं आहेत. एका वीजघरातून पाणी खाली केरळच्या शोलयारला जातं. दुसऱ्यातून परंबिकुळमकडे आणि तिथून बोगदे-कालव्यांतून डोंगर ओलांडून पूर्वेला, कोइंबतूरच्या कोरड्या मुलखात. १९७० चा दोन राज्यांचा करार आहे. कुणाला किती, केरळचं शोलयार १ सप्टेंबरला आणि १ फेब्रुवारीला भरलेलं असलं पाहिजे, असं सगळं त्यात लिहिलंय. भांडणंही त्यावरूनच होतात.

"आपलं उलटं," मामा म्हणाला. "आपण पूर्वेला जाणारी कोयना पश्चिमेला पाडली. यांनी पश्चिमेची नदी पूर्वेला नेली."

"आणि आपल्या वाशिष्ठीत जास्तीचं येतं, यांच्या नदीत कमी."

"हं."

चाळीस हेअरपिन उतरून पोळ्ळाचीला आलो. खाली नारळच नारळ. एरवी पर्जन्यछायेचा हा सुका भाग. बसस्टँडबाहेर शहाळेवाल्याने दोन शहाळी फोडली, लिटरभर पाणी असेल एकेकात. मामाने स्ट्रॉ फेकून देऊन तोंडाला लावलं, मिशा पुसल्या आणि शहाळ्याकडे निरखून बघत म्हणाला, "चालक्कुडीचंच आहे हे."

मग शहाळ्याच्या भावावरून पाच रुपयांसाठी घासाघीस केली. हरला.

*जाता जाता:* पाणी भरपूर आणि वाटाही उघड्या असं हवं असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर जा, छत्री घेऊन. धनेशांसाठी जानेवारी ते मार्च, पण तेव्हा मादी ढोलीत असते, नराची जा-ये दुरूनच बघायची. वाटाड्या घ्याच, आणि पैसे त्याच्या समितीत पावती घेऊन भरा. जायफळाचं लोणचं आणणार असाल तर बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक बांधा. आमचं पालघाटहून निघालेल्या गाडीत रात्री सांडलं, आणि मामाच्या खिशातलं ते हिशोबाचं तिकीट अजून पिवळं आहे. टाकू देत नाही.